एपिस्कोपल चर्चमध्ये पहिल्यांदा येताय? मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या एका मध्यम आकाराच्या एपिस्कोपल चर्चच्या दारात महिन्यातले दोन रविवार मी उभी असते. हातात त्या दिवसाच्या उपासनेचा क्रम छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा, छातीवर नावाची पट्टी. काम म्हणाल तर एवढंच: येणाऱ्याला 'गुड मॉर्निंग' म्हणायचं आणि पत्रिका द्यायची. पट्टीवरचं आडनाव वाचून मराठी माणूस हमखास थबकतो, आणि मग दहाच्या ठोक्याआधी दबक्या आवाजात जे प्रश्न येतात ते हे. काही फोनवर आलेत, काही मित्राच्या लग्नाच्या आदल्या रात्री, घाबऱ्याघुबऱ्या. उत्तरं आमच्या चर्चमधल्या रीतीप्रमाणे दिली आहेत. गावागणिक थोडं इकडेतिकडे होणारच.

एपिस्कोपल म्हणजे कॅथलिक की प्रोटेस्टंट?

दोन्हीकडचं थोडं थोडं, असं इथले लोक स्वतःच सांगतात. घराणं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर पंचाईत अशी झाली की इंग्लंडमध्ये बिशप (एका प्रांतातल्या चर्चेसचा प्रमुख धर्मगुरू) व्हायचं तर राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि ज्या राजाशी नुकतीच लढाई केली त्याची शपथ कोण घेणार? मग कनेक्टिकटच्या सॅम्युअल सीबरींनी स्कॉटलंड गाठलं. तिथल्या बिशपांनी १७८४ मध्ये ॲबर्डीनला त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली. १७८९ मध्ये या नव्या चर्चची घटना झाली. 'एपिस्कोपल' या शब्दाचा अर्थच मुळी 'बिशप असलेलं'. पोप नाही, पण झगे आहेत, मेणबत्त्या आहेत, काही ठिकाणी उदही आहे. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, लग्न करू शकतात. त्या त्या चर्चचा कारभार निवडून दिलेली समिती बघते. तिला 'व्हेस्ट्री' म्हणतात.

मुंबईकरांसाठी सोपी खूण: चर्चगेटला ज्या चर्चमुळे नाव मिळालं ते फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ चं, याच घराण्यातलं.

आम्ही ख्रिस्ती नाही. आलो तर चालेल का?

चालेल. दारात कोणी धर्म विचारत नाही, जात तर नाहीच आणि व्हिसाही नाही. अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांत रस्त्याच्या कडेला 'द एपिस्कोपल चर्च वेलकम्स यू' अशी पाटी दिसते. पाटीवर अटी लिहिलेल्या नसतात.

या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: धर्मांतराचा आग्रह होईल का? तो कोणी सरळ विचारत नाही, म्हणून मीच उत्तर देऊन टाकते. नाही. उलट ही मंडळी देवाविषयी चारचौघांत बोलायला संकोचतात. तुमच्याशी बोलतील ते बर्फाबद्दल आणि पार्किंगबद्दल. प्रौढ माणसाला बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार) हवा असेल तर काही आठवडे, कधी काही महिने तयारी करावी लागते, पाळकांशी बसून बोलावं लागतं. नकळत ख्रिस्ती होण्याची सोय इथे नाही.

प्रार्थना म्हणायची नसेल तर गप्प बसा. हात जोडावेसे वाटले तर जोडा. एका बाईंनी मला फोनवर विचारलं होतं, "कुंकू पुसून यावं लागेल का?" अजिबात नाही. नगरकडच्या आमच्या कितीतरी ख्रिस्ती बायका मंगळसूत्र घालतात. माझ्या आईच्या काळ्या मण्यांत वाट्यांच्या जागी क्रूस आहे.

आधी नाव नोंदवावं लागतं का? किती वाजता यायचं?

नोंदणी नाही. बऱ्याच ठिकाणी रविवारी दोन उपासना असतात: आठ वाजताची शांत, बहुधा गाण्यांशिवाय, आणि दहाच्या सुमाराची, ऑर्गन आणि गायकवृंदासह. पहिल्यांदा येत असाल तर दहाची बरी. गर्दीत चुका दिसत नाहीत. उन्हाळ्यात वेळा बदलतात, तेवढं संकेतस्थळावर बघून घ्या. दहा मिनिटं आधी पोचलात तर उत्तम, उशीर झाला तरी दार उघडंच असतं. साधारण सव्वा तासात मोकळे होता.

कपडे काय घालायचे? चपला बाहेर काढायच्या का?

जीन्स चालते, कुडता चालतो, साडी तर सगळ्यांना आवडते आणि तिच्याबद्दल चार प्रश्नही येतील. डोकं झाकायची गरज नाही. पुरुषांनी टोपी मात्र काढायची. दगडी इमारती थंड असतात, तेव्हा शाल जवळ ठेवा.

चपला पायातच असू द्या. पण हे एकाला जमलं नाही तर काय होतं तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एक आजी आल्या होत्या, नातवंडांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. जावई गाडी लावायला गेले तेवढ्यात आजींनी दारातच बूट काढले, मोजेही काढून आत खोचले आणि अनवाणी फरशीवर उभ्या राहिल्या. बाहेर बर्फ होतं. मी काही म्हणायच्या आत आमचे ऐंशीच्या घरातले एक स्वयंसेवक पुढे आले. त्यांनी ते बूट उचलले, रेडिएटरला लागून नीट जोडीनं ठेवले, आतले मोजे काढून वर वाळत घातले आणि आजींना हात देऊन बाकापर्यंत नेलं. उपासना संपल्यावर आजींना गरम बूट मिळाले. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा काढले, आणि त्या गृहस्थांनी पुन्हा रेडिएटरपाशी ठेवले. सहा महिने हे असंच चाललं. 'इथे काढत नाहीत' असं त्यांना कोणीच सांगितलं नाही.

बसायचं कुठे? जागा ठरलेल्या असतात का?

आज नसतात. एकेकाळी होत्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या पुष्कळ चर्चमध्ये बाकांचं भाडं घेत. पैसेवाली कुटुंबं पुढे, गरीब मागे किंवा वरच्या सज्जात. त्याहून वाईट गोष्ट फिलाडेल्फियातली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना ओढून उठवायचा प्रयत्न झाला, कारण ती जागा त्यांची नव्हती. ते सगळे उठून बाहेर पडले. त्यांच्यातल्या ॲबसलोम जोन्स यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्च १७९४ मध्ये उघडलं, आणि पुढे जोन्स एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय पाळक झाले. जागेवरून माणसाला उठवणं म्हणजे काय, हे या चर्चच्या इतिहासात असं नोंदलेलं आहे.

तरी सवय असतेच. एखादे आजोबा चाळीस वर्षं त्याच खांबाशेजारी बसत असतात. तुम्ही तिथे बसलात तर ते काही बोलणार नाहीत, फक्त क्षणभर घुटमळतील. बसा खुशाल. माझी शिफारस विचाराल तर मागून चौथा-पाचवा बाक, मधल्या वाटेच्या कडेला. अगदी मागे बसू नका. सगळे नवे लोक तिथेच बसतात आणि मग कधी उठायचं, कधी बसायचं हे बघायला पुढे जाणकार कोणी उरत नाही.

कधी उठायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे?

गाण्याला उभं राहायचं, वाचनाला बसायचं, शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, वाचनाला परत उभं राहायचं, प्रवचनाला बसायचं, प्रार्थनेला उभं राहा किंवा गुडघे टेका. गुडघे दुखत असतील तर बसूनच राहा, अर्धी मंडळी तेच करतात. समोरच्या बाकाच्या पाठीला खाली गादीची फळी असते, ती गुडघ्यांसाठी. ती पायानं खाली पाडू नका, हातानं सोडा. भर शांततेत असा आवाज होतो की लहान मुलं दचकतात. (अनुभव माझा आहे.)

खरी तारांबळ पुस्तकांची उडते. बाकात दोन पुस्तकं असतात. आमच्याकडे लाल ते प्रार्थनेचं, १९७९ चं 'बुक ऑफ कॉमन प्रेयर', आणि निळं ते गीतांचं. पत्रिकेत कधी 'बीसीपी' (लाल पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरं) आणि पानाचा आकडा छापलेला असतो, कधी गीताच्या आकड्याआधी 'एस' अक्षर असतं. एस असेल तर ते गीत निळ्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या वेगळ्या भागात सापडतं. हे पहिल्या दिवशी कोणालाही कळत नाही. मी नगरच्या चर्चमध्ये वाढलेली, उपासनेचा क्रम मला तोंडपाठ होता, तरी इथल्या पहिल्या रविवारी मी दुसरं गीत संपेपर्यंत पहिलं शोधत होते. शेवटी शेजारच्या बाईंनी काही न बोलता स्वतःचं उघडलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि माझं घेऊन स्वतः शोधू लागल्या.

तुमच्यासाठी एकच आकडा: ३५५. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि वाइन घेण्याच्या विधीची, आजच्या इंग्रजीतली उपासना लाल पुस्तकात या पानावर सुरू होते. विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सगळे मिळून म्हणतात तो) ३५८ वर, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना ३६४ वर. आठ वाजताच्या उपासनेत पुष्कळ ठिकाणी जुन्या इंग्रजीतला विधी असतो, तो ३२३ पासून. हल्ली बरीच चर्चेस सगळं पत्रिकेतच छापून देतात, म्हणजे पुस्तक उघडायचीही गरज पडत नाही. कागद फार जातो, पण नवा माणूस हरवत नाही. व्हेस्ट्रीच्या बैठकीत यावर दर वर्षी वाद होतो. मी कागदाच्या बाजूची.

मध्येच सगळे उठून हात का मिळवतात?

त्याला 'पीस' म्हणतात. पाळक म्हणतात, प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो. लोक उत्तर देतात आणि मग आजूबाजूच्यांना तेच म्हणतात. काही चर्चमध्ये दोन जणांशी हात मिळवून संपतं, काही ठिकाणी लग्नघरासारखी पाच मिनिटं गळाभेट चालते. आमच्याकडे दुसरा प्रकार. हात मिळवायचा नसेल तर नमस्कार करा. कोविडनंतर निम्मे अमेरिकन तसाच करू लागले आहेत, आणि आपल्याइतका सफाईनं त्यांना अजून जमत नाही.

प्रभुभोजन घेता येईल का? आम्ही प्रसाद म्हणून हात पुढे केला तर?

हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण इथेच सर्वांत जास्त गडबड होते.

कुठल्याही पंथात बाप्तिस्मा झालेला असेल, कॅथलिक, मेथडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), केरळातलं मार थोमा, काहीही, तर प्रभुभोजन घ्या. हे एपिस्कोपल चर्चच्या नियमातच आहे. सभासद असावं लागत नाही. बाप्तिस्मा झाला नसेल तरी रांगेत पुढे या, वेदीपाशी दोन्ही हात छातीवर फुली करून धरा. पाळक डोक्यावर हात ठेवून किंवा नुसतेच आशीर्वादाचे दोन शब्द म्हणतील. किंवा जागेवर बसून राहा. त्याकडे कोणी बघत नाही, खरंच. काही चर्चमध्ये 'सगळ्यांनी या' असंही जाहीर करतात. नियम आणि रीत यांत तेवढं अंतर आहे आणि त्यावर या चर्चमध्ये चर्चाही चालू असते.

आपल्याकडे देवळात गेलं की प्रसाद नाकारणं हा अपमान. त्यामुळे हात आपोआप पुढे होतो, ओंजळीत भाकर पडते आणि मग माणूस गोंधळतो: खायची की घरी न्यायची? एका काकांनी ती रुमालात बांधली होती, आजारी काकूंसाठी. पाळकबाई त्यांच्या मागे बाकापर्यंत गेल्या, शेजारी बसल्या, आणि काकूंची चौकशी केली. नंतर समजावलं की ही इथेच खायची असते, आणि काकूंना हवं असेल तर मी घरी येऊन प्रार्थना करीन. त्या आठवड्यात त्या खरंच गेल्या. आता ती प्रसाद नव्हे, हे खरं. ख्रिस्ती माणसाला त्या भाकरीत प्रभू भेटतो, म्हणून तिच्याआधी बाप्तिस्म्याची पायरी आहे. पण चुकून घेतलीत तर आकाश कोसळत नाही, एवढं डोक्यात ठेवा.

आता व्यवहाराचं. उजवा तळवा डाव्यावर ठेवून हात पुढे करा. पेल्यात खरी वाइन असते आणि सगळे एकाच पेल्यातून घेतात. पेला पुसून, फिरवून पुढच्याला देतात. नको असेल तर हात छातीवर घ्या; नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण होतं. दारू सोडलेली बरीच मंडळी असंच करतात आणि त्याचं कारण कोणी विचारत नाही. गव्हाचा त्रास असेल तर वेगळी चकती मिळते, पाळकांना हळूच सांगा.

लहान मुलांचं काय?

आणा. रडली तर रडू दे. पाळणाघर असतं, तिथल्या स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासलेली असते आणि मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण त्यांना घ्यावंच लागतं. मुलांना तिथे सोडायलाच हवं असं मात्र नाही. बाप्तिस्मा झालेली मुलं प्रभुभोजनही घेतात. आमच्याकडे नगरला दृढीकरण (मोठेपणी बिशपसमोर विश्वास कबूल करण्याचा विधी) होईपर्यंत थांबावं लागे, इथे नाही.

थाळीत किती टाकायचे?

पाहुण्याकडून काहीच अपेक्षा नाही. थाळी आली की पुढच्याच्या हातात द्या. सभासदांपैकी बहुतेकांची थाळीही रिकामीच पुढे जाते, कारण त्यांचे पैसे बँकेतून आपोआप गेलेले असतात. इथे चर्चला सरकारी पैसा नाही. पाळकांचा पगार, छप्पर, गरम पाण्याचा बॉयलर, सगळं सभासदांच्या वर्गणीवर. दर शरद ऋतूत प्रत्येक घर पुढच्या वर्षी किती देणार ते लिहून देतं, त्याला 'प्लेज' म्हणतात. त्या दिवसांत आलात तर प्रवचनात पैशाचा विषय निघेल. वाईट वाटून घेऊ नका, रोख तुमच्याकडे नसतो.

उपासनेनंतर कॉफीला थांबलंच पाहिजे का?

पाहिजे असं नाही, पण थांबा. मराठी माणसाला चर्चमधल्या चहापाण्याविषयी जुना धसका आहे आणि त्याचं कारणही तसंच आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळी साधीसुधी नव्हेत: न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्यावरून भांडण, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कोणी कप उचलला, कोणी नुसता हातात धरला, यावर खल झाला. काहींनी पुढे प्रायश्चित्त घेतलं.

गंमत अशी की पंचहौद चालवणारे काउली फादर्स हे अँग्लिकन संन्यासी होते, आणि त्याच संघाचा मठ आज मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, चार्ल्स नदीच्या काठी आहे. तो एपिस्कोपल चर्चचा आहे. म्हणजे पुण्याला ज्या चहानं एवढं वादळ उठवलं, त्याचीच चुलत भावंडं रविवारी सव्वाअकराला आमच्या तळघरातल्या हॉलमध्ये थर्मासमध्ये भरलेली असतात. चहा पिशवीचा, कॉफी पातळ. प्रायश्चित्त नाही.

शाकाहारी असाल तर विचारून घ्या. केक-कुकीजमध्ये अंडं असतंच. मार्शमेलो आणि रंगीत जेलीत जिलेटिन असतं, ते प्राणिजन्य. हे इथल्या लोकांच्या लक्षातही येत नाही, तेव्हा 'शाकाहारी आहे' एवढंच म्हणून भागत नाही. फळं आणि चीज सुरक्षित, चीजमध्ये रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) चालत नसेल तर फळंच. माझी पाळी आली की मी पोहे करते. पहिल्या वेळी मिरच्यांचा अंदाज चुकला होता आणि गायकवृंदातल्या एका तगड्या गृहस्थांचे डोळे पाण्यानं भरले. आता दोन पातेली असतात, एकावर चिठ्ठी.

कॉफीच्या वेळी नव्या माणसाला सर्वांत अवघड जाते ती पहिली दोन मिनिटं: हातात कप आणि बोलायला कोणी नाही. भिंतीवरच्या जुन्या पाळकांच्या तसबिरी वाचत उभं राहायचं. तेवढी दोन मिनिटं काढा, कोणीतरी येतंच.

पाळकांना काय म्हणायचं?

पुरुष असतील तर 'फादर', स्त्री असतील तर 'मदर', किंवा नुसतं पहिलं नाव. कोणाला काय आवडतं ते पत्रिकेत कळतं किंवा सरळ विचारावं. आपल्यासारखं 'पाळकसाहेब' म्हणायची सोय नाही. अहोजाहोही नाही, त्याची चुटपुट मला अजून लागते.

स्त्री पाळक बघून आपल्याकडचे पुष्कळ जण चमकतात. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांना परवानगीची वाट न बघता पाळकपदाची दीक्षा दिली गेली, मोठा गदारोळ झाला, आणि १९७६ च्या चर्चच्या महाअधिवेशनानं रीतसर मान्यता दिली. १९८९ मध्ये बार्बरा हॅरिस बिशप झाल्या, जगभरातल्या अँग्लिकन चर्चमधल्या पहिल्या स्त्री बिशप. २००६ मध्ये कॅथरीन जेफर्ट्स शोरी या पूर्ण एपिस्कोपल चर्चच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या. आमच्या पाळकबाई उपासनेनंतर दारात उभ्या राहून प्रत्येकाशी हात मिळवतात. टाळायचं असेल तर बाजूच्या दारानं जा. त्यांना ते दार माहीत आहे आणि त्या मुद्दाम तिकडे बघत नाहीत.

आमचा मुलगा आणि त्याचा जोडीदार यांच्याबरोबर आलो तर?

चारही जण एका बाकावर बसा. २००३ मध्ये न्यू हॅम्पशायरनं जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या पाळकांना बिशप निवडलं, आणि २०१५ पासून समलिंगी जोडप्यांची लग्नं चर्चमध्ये लागतात. यावरून काही मंडळ्या चर्च सोडून गेल्या आणि जगातल्या इतर अँग्लिकन चर्चशी संबंध ताणले गेले, तो ताण अजून आहे. पण रविवारी सकाळी बाकावर तो जाणवणार नाही. एक आईवडील सोलापूरहून आले होते, मुलाच्या लग्नाला. वडील पूर्ण वेळ पत्रिकेत डोकं घालून बसले. आईनं मला विचारलं, "इथे अक्षता टाकतात का हो?" टाकत नाहीत. बाहेर पायऱ्यांवर टाकल्या आम्ही.

आम्ही सीएनआयचे. इथे परके ठरू का?

मुळीच नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आपल्या नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालं. अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट वगैरे एकत्र येऊन. ते अँग्लिकन परिवारात आहे, त्यामुळे एपिस्कोपल चर्च तुम्हाला घरचेच मानतं. बाप्तिस्मा पुन्हा कधीच देत नाहीत. गावाकडच्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र आणा, ते इथल्या वहीत नोंदवतात. पत्र मिळायला वेळ लागला तरी तोवर तुम्ही यायचं थांबू नका.

चुकचुकेल ते वेगळंच. भेटल्यावर आपल्यासारखं 'सलाम' म्हणायला कोणी नसतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं नाहीत, पेटी-तबला नाही, उपासनेनंतर चर्चच्या आवारात तासभर घोळका करून उभं राहणं नाही. नाताळच्या सकाळी पहाटे कॅरोल घेऊन दारी येणारी पोरं नाहीत. मी पाच-सहा वर्षं हे मनात घेऊन बसले होते. मग एकदा गायकवृंदाच्या संचालकांना टिळकांचं एक पद म्हणून दाखवलं. त्यांनी स्वरलिपी लिहून घेतली, 'ळ' वर दोन आठवडे घासाघीस झाली, आणि एका रविवारी अर्पणाच्या वेळी ते गायलं गेलं. 'ळ' नव्हताच. मी तरी रडले.

बाकातलं पाहुण्यांच्या नाव-पत्त्याचं कार्ड भरलं तर मागे लागतील का?

एक ईमेल येईल, कदाचित पाळकांचा एक फोन. उत्तर दिलं नाहीत तर विषय संपला. भरलंच पाहिजे असंही नाही.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, इथल्या मंडळींनाही: नव्या माणसाला उपासनेत उभं करून नाव सांगायला लावू नका. दुसऱ्या एका गावातल्या चर्चमध्ये माझ्यावर ही वेळ आली होती. माइक हातात दिला, मी नाव सांगितलं, त्यांनी तीन वेळा चुकीचं उच्चारलं, सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला फक्त खाली बसायचं होतं. त्यांचा हेतू चांगला होता. मी परत गेले नाही.

मी आता सभासद आहे. दारात उभं राहायला सांगितलंय. काय करू?

ओळखीच्यांशी गप्पा नंतर मारा. काही चर्चमध्ये पाळतात तो तीन मिनिटांचा नियम चांगला आहे: उपासना संपल्यावर पहिली तीन मिनिटं फक्त अनोळखी माणसाशी बोलायचं. 'तुम्ही मूळचे कुठले' हा पहिला प्रश्न नको. गोऱ्या पाहुण्याला आपण तो विचारत नाही. नाव कळलं नाही तर पुन्हा विचारा, दोनदा विचारा, पण 'तुमचं छोटं नाव काय आहे' असं नको. स्वच्छतागृह कुठे आहे ते न विचारता सांगा. आणि कोणी पुस्तकात चाचपडताना दिसलं तर स्वतःचं उघडलेलं द्या.

कोणत्या दिवशी यावं?

साधा रविवार, जुलै-ऑगस्टमधला, गर्दी नसलेला. नाताळच्या आदल्या रात्रीची मेणबत्त्यांची उपासना सुंदर असते पण पार्किंग मिळत नाही. राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) पाळक कपाळावर राख लावून 'तू माती आहेस' असं सांगतात. पहिल्यांदा येणाऱ्याला ते जरा जड जातं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संत फ्रान्सिसच्या निमित्तानं प्राण्यांना आशीर्वाद देतात. त्या दिवशी कुत्री, मांजरं, एकदा तर डब्यातलं कासव. मुलं असतील तर तोच दिवस धरा.

गाडी कुठे लावायची?

मागच्या आवारात, दाराजवळच्या तीन जागांवर 'पाहुण्यांसाठी' अशी पाटी आहे. रिकाम्या दिसल्या तर लावाच. गेल्या पावसाळी रविवारी उशीर झाला म्हणून मी तिथे लावली होती; ऐंशीच्या घरातले ते गृहस्थ छत्री घेऊन आले, मला दारापर्यंत सोडलं, आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, पहिल्यांदाच आलात का?"